रेडिओवाले संत : फादर मॅक्सिमिलियन कोल्बे



१४ ऑगस्ट हा संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण. दुसऱ्याच दिवशी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन येत असल्यामुळे या संताकडे आपले थोडे दुर्लक्षच होते. छळछावणीत दुसऱ्याच्या जागी त्यांनी मरण स्वीकारले, हे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले आहे. मात्र ते उत्तम संपादक होते, छापखाना चालवीत होते आणि त्यांनी रेडिओ केंद्रही उभारले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. हौशी रेडिओचालक आज त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात.

रायमुंड कोल्बे यांचा जन्म ८ जानेवारी १८९४ रोजी पोलंडमधील झ्दुन्स्का वोला या गावी झाला. तो भाग त्या वेळी रशियाच्या अमलाखाली होता. फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केल्यावर त्यांना मॅक्सिमिलियन हे नाव मिळाले. गणित आणि विज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय. रोममध्ये त्यांनी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान या दोन्ही विषयांत डॉक्टरेट मिळवली. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, सहा सोबत्यांना घेऊन त्यांनी निष्कलंक मरियेची सेना स्थापन केली. पुढच्याच वर्षी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. पण म्हणून त्यांचे काम कधी थांबले नाही.

जानेवारी १९२२ मध्ये त्यांनी ‘निष्कलंक मातेचा शिलेदार’ अशा अर्थाचे पोलिश मासिक सुरू केले. पहिल्या अंकाच्या पाच हजार प्रती छापल्या. १९२७ साली एका सरदाराने वॉर्सापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर जमीन दिली आणि तेथे न्येपोकलानूव, म्हणजे निष्कलंक मातेचे नगर, वसले. दहा-बारा वर्षांत तेथे सातशेहून अधिक मठवासी राहू लागले. छपाईयंत्रे चालवणारे, टपाल सांभाळणारे, वीज पाहणारे, सगळे ब्रदरच. मासिकाचा खप साडेसात लाखांच्या घरात गेला. १९३५ पासून एक स्वस्त दैनिकही निघू लागले. मधल्या काळात, १९३० साली, फादर जपानला गेले आणि नागासाकी येथे त्यांनी मठ आणि जपानी मासिक उभे केले. १९३२ मध्ये ते केरळात एर्नाकुलमलाही येऊन गेले होते. भारतातही असे केंद्र व्हावे ही त्यांची इच्छा होती, पण ती पूर्ण झाली नाही.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली मार्कोनी यांच्या मदतीने व्हॅटिकन रेडिओ सुरू केला होता. छापलेला कागद पोहोचत नाही तेथे आवाज पोहोचतो, हे फादर कोल्बे यांनी ओळखले. नियमित प्रसारणाचा परवाना हाती नव्हता. होते ते एक लहानसे लघुलहरी केंद्र, ‘एसपी ३ आरएन’ या संकेतनामाचे. ८ डिसेंबर १९३८ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, त्यावरून पहिले प्रक्षेपण झाले. ब्रदरांच्या वाद्यवृंदाने मरियेच्या गीताची धून वाजवली. हे काम पुढे वाढवण्याचे मनसुबे होते.

पण १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि केंद्र मुके झाले. जर्मनांनी पोलिश लोकांच्या घरांतील रेडिओही जप्त केले. रेडिओ बाळगणे हा मोठा अपराध ठरला. १९ सप्टेंबरला फादर आणि उरलेल्या सुमारे चाळीस ब्रदरांना पकडून नेले. सुटका झाली तो दिवसही ८ डिसेंबरच होता.

परत आल्यावर त्यांनी काय केले? ज्या आवारात वृत्तपत्र छापले जात होते, तेथे त्यांनी निर्वासितांना आसरा दिला. सुमारे तीन हजार बेघर माणसे तेथे राहिली. त्यांत ज्यू कुटुंबेही मोठ्या संख्येने होती. येथे एक गोष्ट आपण झाकून ठेवू नये. न्येपोकलानूवच्या दैनिकात युद्धापूर्वी ज्यूंविषयी पूर्वग्रहाचे लेखन येत असे आणि अभ्यासकांनी त्यावर रास्त टीका केली आहे. ख्रिस्ताचे नाव घेणारे माध्यमही शेजाऱ्याविषयी कटुता पसरवू शकते, याची ही नोंद आपण लक्षात ठेवायला हवी. पण ज्यू माणसे दाराशी आली, तेव्हा त्याच नगराने त्यांच्याबरोबर भाकरी वाटून घेतली, हेही तितकेच खरे.

१७ फेब्रुवारी १९४१ रोजी फादरांना पुन्हा अटक झाली. मे महिन्यात ते ऑशविट्झ छावणीत पोहोचले. कैदी क्रमांक १६६७०. जुलैअखेर एक कैदी बेपत्ता झाला, म्हणून शिक्षा म्हणून दहा जणांना उपासमारीने मारण्यासाठी निवडले गेले. त्यांतील फ्रान्सिशेक गायोव्निचेक बायकामुलांच्या आठवणीने रडू लागले. तेव्हा रांगेतून फादर पुढे आले आणि त्यांनी त्यांची जागा मागून घेतली.

त्या अंधारकोठडीत ना छापखाना होता, ना ध्वनिक्षेपक. तरी तेथून जपमाळेचा आणि गीतांचा आवाज येत राहिला आणि शेजारच्या कोठड्यांतील कैदी त्यात सामील होत गेले. दोन आठवडे गेले. १४ ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. दुसऱ्या दिवशी, स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्यांच्या देहाचे दहन झाले.

गायोव्निचेक जिवंत राहिले. पत्नीची भेट झाली, पण त्यांचे दोन्ही मुलगे युद्धात मरण पावले होते. मग फादरांचा त्याग व्यर्थ गेला का? परिणामाच्या मापाने मोजले तर मुलांना बाप मिळाला नाही, आणि रेडिओही वर्षभर टिकला नाही. पण प्रीती ही फळ मिळण्याच्या अटीवर केलेली गुंतवणूक नसते. समोरच्या माणसाचे भले इच्छिणे, यातच तिचे मोल असते. क्रुसाकडे पाहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

१९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना हुतात्मा म्हणून संतपद बहाल केले. त्या सोहळ्याला गायोव्निचेक हजर होते. १९९५ साली ते वारले. त्याच वर्षी न्येपोकलानूवचा रेडिओ पुन्हा बोलू लागला.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात एक लहानसे प्रक्षेपण केंद्र आहे. सकाळी आपण त्यावरून शुभवर्तमानातील वचन पाठवतो आणि दुपारी कधीकधी खातरजमा न केलेली निंदाही. या आठवड्यात कोणताही निरोप पुढे पाठवण्यापूर्वी आपण क्षणभर थांबू या : ज्याच्याविषयी हे लिहिले आहे, त्याच्यासाठी आपण एक पाऊल तरी पुढे येऊ का? उत्तर नाही असेल, तर तो निरोप तेथेच थांबवू या.

संत मॅक्सिमिलियन कोल्बे, आम्हांसाठी विनंती कर.

आपले धर्मगुरू