आधी निदान, मग शस्त्र

भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा आदराने उल्लेख होतो, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. १९२३ साली लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी संपादन करून ते परतले आणि मुंबईत अध्यापन करू लागले. १९४१ साली परळचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी स्वीकारली.

विकृतिशास्त्रज्ञाचे कार्य पडद्याआडचे असते. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पारखून तो निर्णय देतो; मगच शस्त्र चालावयाचे. डॉ. खानोलकरांनी ही दृष्टी रुग्णालयाबाहेर समाजापर्यंत नेली. धोतराच्या काचाने कमरेवर होणारा कर्करोग, तंबाखूने मुखात होणारा कर्करोग यांचा लोकांच्या सवयींशी असलेला संबंध त्यांनी १९४५ साली मांडला. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या उमेदीच्या काळात हाडाचा कर्करोग म्हणजे अवयव तोडणे, आणि एवढे करूनही बहुतेकांचा मृत्यू, असेच समीकरण होते. १९७० नंतर ते पालटले. आता आधी औषधे, मग रोगट हाड काढून धातूचा सांधा बसविणे आणि पुन्हा औषधे, असा क्रम असतो. रोग फुप्फुसात पोचण्यापूर्वी संपूर्ण उपचार झाले, तर दहांपैकी सहा-सात रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. अनेकांचा पायही वाचतो. डॉ. खानोलकरांच्या केंद्राचा वारसा चालविणाऱ्या खारघरच्या संस्थेत २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचारही मिळू लागले. कवटीच्या तळाच्या व मणक्याच्या गाठींना ते विशेष उपयुक्त ठरतात.

खारघर रायगड जिल्ह्यातच आहे; महाड-पोलादपूरही त्याच जिल्ह्यात. परंतु वाडीवरच्या मुलाचा गुडघा सुजला, रात्री ठणकू लागला, तर मुका मार समजून महिनोन्महिने तेलमालिश चालते. तालुक्याच्या गावी काढलेले एक क्ष-किरण छायाचित्र हा विलंब टाळू शकते. गाठीचा तुकडा मात्र शस्त्रक्रिया होणार असेल त्याच ठिकाणी काढला जावा. भलत्या जागी घातलेला छेद पाय गमावण्यास कारण होतो. औषधांचा खर्च शासकीय योजनेतून निघाला, तरी सहा-आठ महिन्यांची बुडालेली मजुरी, एस. टी.चे भाडे आणि शहरातील निवारा यांचा भार कुटुंबावरच पडतो. या भारापायी उपचार अर्धवट सुटू नयेत, याची तजवीज शासनाने केली पाहिजे. डॉ. खानोलकरांचे खरे स्मारक तेच होईल.