अळंबी आणि आघारकर

पावसाळा लागला की आमच्या अकोले तालुक्यात डोंगरउतारावरील वारुळांवर अळंबी उगवते. कोणती खावी, कोणती सोडावी हे माझ्या आजीला पाहताक्षणी कळते. मात्र गेल्या वर्षी शेजारच्या घरी भलतीच अळंबी शिजली आणि तिघांना दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टरांनी विचारले, कोणती अळंबी? कोणालाच सांगता येईना. आजीची पारख तिच्या डोळ्यांत होती, कागदावर कोठेच नव्हती.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच, त्यात कलाशाखेचा. या प्रश्नापायी ग्रंथालयात शोध घेताना मला शंकर पुरुषोत्तम आघारकर भेटले.

त्यांचा जन्म १८८४ साली मालवणला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत असताना ते सह्याद्रीत नमुने गोळा करीत हिंडत. १९११ च्या सुमारास पश्चिम घाटातील नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला. तोवर या जातकुळीचा प्राणी फक्त आफ्रिकेत ठाऊक होता. पुढे ते जर्मनीला गेले. तेथे पहिल्या महायुद्धात त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. तरी बर्लिनची डॉक्टरेट मिळवूनच ते परतले. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ वनस्पतिशास्त्र शिकवले. निवृत्तीच्या वयात, १९४६ साली, त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि १९६० साली मृत्यू येईपर्यंत तिचे मानद संचालकपद सांभाळले.

१९९२ पासून त्या संस्थेला आघारकरांचे नाव आहे. तेथे बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. अळंबी हीसुद्धा बुरशीच. नवी जात ठरवताना आधी छत्रीचा रंग, खालचे पापुद्रे, देठ व सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार तपासतात. मग तिचा डीएनए ज्ञात जातींशी ताडून पाहतात, कारण दिसायला जुळ्या असलेल्या दोन अळंब्या मुळात वेगळ्या निघू शकतात. शेवटी वर्णन छापून वाळवलेला नमुना संग्रहात ठेवतात. पुढच्या कोणालाही तो पुन्हा तपासता येतो.

आघारकरांच्या काळी डीएनएची ही तपासणी नव्हती. पण जे सापडेल ते जपून आणावे, स्थळ व दिनांक लिहावा आणि जाणत्यांपुढे ठेवावे, ही शिस्त तीच आहे.

आजी आता थकली आहे. यंदा मी वही घेऊन तिच्याबरोबर डोंगरात गेलो. ती बोट दाखवी, मी लिहून घेई. शास्त्रीय नाव मला देता येणार नाही. परंतु पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारले, तर दाखवायला निदान एक वही असेल.