रविवारचे पुराण

१९८५ च्या पावसाळ्यात बँकेने माझी बदली मडगावला केली. लग्न व्हायचे होते, सारा संसार एका ट्रंकेत मावत होता, आणि राहायला जागा मिळाली ती एका जुन्या ख्रिस्ती घराच्या मागच्या दोन खोल्यांत. घरमालकीण साठी ओलांडलेल्या, एकट्या. भावंडांपैकी कोणी मुंबईला, कोणी लिस्बनला. आईवडिलांचे म्हातारपण सांभाळायला मागे राहिल्या त्या ह्याच. मी त्यांना बाई म्हणत असे.

रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली की बाई छत्री घेऊन मिस्साला निघत. परत आल्या की घराच्या पुढच्या बलकांवात बसत आणि मला हाक मारीत. पाद्रीबाबांनी आज कोणते वाचन केले, शेरमांवात म्हणजे प्रवचनात काय सांगितले, हे सारे त्या मला कोकणीत ऐकवीत. मी मराठीत शंका काढीत असे. चर्चमधली रविवारची वाचने तीन वर्षांच्या फेऱ्याने येतात, हे मला तिथेच कळले. आमच्या बँकेतल्या बदल्याही साधारण तीन वर्षांनीच येत. बाई हसून म्हणाल्या होत्या की एक फेरा पुरा ऐकलास की तू जाणार.

मार्च १९८६ मधला एक रविवार मला चांगला आठवतो. बँकेत कामाची धांदल, आणि इकडे उपवासकाळ चालू. त्या दिवशी वाचन होते उधळ्या मुलाच्या गोष्टीचे. वाटणी मागून घर सोडणारा, सारे उधळून परत येणारा धाकटा, आणि त्याला पोटाशी धरणारा बाप. ही गोष्ट सांगताना बाईंचा आवाज चढला. त्यांना राग होता तो बापाचा. घरी राहून राबलेल्या थोरल्याचे काय, एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारीत होत्या. मला उत्तर देता आले नाही. मग जरा शांत होऊन त्या म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. त्यामुळे निदान असले प्रश्न तरी पडत नसत.

मला एकदम शाळेतले मराठीचे गुरुजी आठवले. एका इंग्रज पाद्र्याने मराठीची थोरवी गायलेल्या ओव्या त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. तो पाद्री ह्याच साष्टी तालुक्यात राहिला होता. बाईंना सांगितले, तर त्यांना ते नाव ठाऊक नव्हते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. थॉमस दहा वर्षांचे होत होते तेव्हा राणी एलिझाबेथ गादीवर आली आणि इंग्लंडने रोमशी असलेला संबंध तोडला. कॅथलिक मिस्सा बेकायदा ठरली. रविवारी राणीच्या चर्चमध्ये न जाणाऱ्याला दर खेपेस बारा पेन्स दंड बसू लागला, आणि १५८१ नंतर तो महिन्याला वीस पौंडांवर गेला. ज्यांना जुना धर्म सोडवत नव्हता, ते दारे-खिडक्या लावून, पहारा ठेवून मिस्सा ऐकत.

थॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत सरदारपुत्र स्टीफन्स यांचा मित्र होता. दोघांनी जेझुइट संघात जायचे ठरविले. संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स मित्राचे नोकर बनून त्याच्याबरोबर हिंडत. निघण्याच्या सुमारास पाउंड पकडला गेला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे त्याने निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स निसटले. १५७५ मध्ये रोमला ते जेझुइट संघात दाखल झाले. त्यांच्याच संघाचा एडमंड कॅम्पियन हा इंग्लंडला परतला आणि १५८१ मध्ये लंडनला त्याला फाशी झाली. स्टीफन्स यांनी पूर्वेची वाट धरली.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. साडेसहा महिन्यांचा प्रवास. पोहोचल्यावर पंधरवड्याच्या आतबाहेर त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. आफ्रिकेला वळसा घालून येताना लागणारे वारे, वाटेतले मासे आणि पक्षी, खलाशांची आजारपणे, सारे त्यात होते. पुढे हॅकल्युटने हे पत्र आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले, आणि इंग्रज व्यापाऱ्यांचे हिंदुस्थानकडे लक्ष वेधण्यात त्याचाही वाटा होता असे मानतात. मुलाने मात्र ते घरच्या माणसासाठी लिहिले होते. तो मुलगा पुन्हा घरी गेला नाही. पुढची चाळीस वर्षे तो इकडेच राहिला आणि १६१९ मध्ये गोव्यातच वारला.

हे चाळीस वर्षांचे आयुष्य बहुतेक साष्टीतच गेले. कधी मडगावच्या जेझुइट कॉलेजचे प्रमुख, कधी एखाद्या गावच्या चर्चचे विगार. विगार म्हणजे गावचा सारा कारभार आला. बारसे, लग्न, मर्तिक, भांडणतंटे, मुलांची धर्मशिकवण. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्याचे सोबती असे चार इंग्रज हेर समजून गोव्यात तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडविण्यासाठी धडपडणाऱ्यांत स्टीफन्स होते. ते चौघे राणीच्या पक्षाचे, हे कॅथलिक. तरी आपल्या मुलखाची माणसे.

आता जी गोष्ट सांगायची, ती टाळून स्टीफन्स यांचे चरित्र सांगणे बरोबर होणार नाही. ज्या साष्टीत ते आले, तिथली शेकडो देवळे १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते. लोकांच्या पोथ्या, पुराणे, कीर्तने, सणवार यांवर बंदी होती. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी गावी चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रोदोल्फो आक्वाविवा होते. त्याचा सूड म्हणून कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. आज कुंकळ्ळीत त्या पुढाऱ्यांचे स्मारक आहे. ठार झालेले जेझुइट स्टीफन्स यांचे गुरुबंधू होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टीफन्स यांनी भाऊ रिचर्ड याला लिहिलेल्या पत्रात एक निराळीच नोंद सापडते. इकडच्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी कळविले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते जगापुढे मांडले ते १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. चहूकडे वैर पेटलेले असताना हा माणूस लोकांच्या बोलण्यातली क्रियापदे कान देऊन ऐकत होता.

भाषा ऐकता ऐकता त्यांना लोकांची तक्रारही ऐकू आली. ती त्यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच नोंदवून ठेवली आहे. रविवारचा दिवस, चर्चमध्ये मुलांची धर्मशिकवण चाललेली. एक बाटलेला ब्राह्मण पाद्री-गुरूंपुढे येऊन गाऱ्हाणे घालतो. आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी मन रमेल असे दुसरे काही मराठीतून का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय. मला ह्या प्रसंगाचे फार नवल वाटते. सत्ता पाद्र्याच्या बाजूला होती. असे गाऱ्हाणे दडपून टाकणे सहज शक्य होते, निदान लिहून ठेवण्याची तरी काहीच गरज नव्हती. पण स्टीफन्स यांनी ते ग्रंथाच्या दाराशीच बसविले. ज्याचा स्वतःचा रविवार एकदा हिरावला गेला होता, त्याला दुसऱ्याच्या रिकाम्या रविवारची कल्पना आली असावी, असे मी मनाशी म्हणतो.

त्या गाऱ्हाण्याचे उत्तर म्हणजे १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात छापलेले ‘क्रिस्तपुराण’. दोन भाग, पंच्याण्णव अवस्वरू म्हणजे अध्याय, आणि १०,९६२ ओव्या. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताची वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पैठणच्या एकनाथांना जाऊन तेव्हा सतराच वर्षे झाली होती. नाथांनी भागवत ज्या ओवीत सांगितले, त्याच ओवीत ह्या परदेशी माणसाने बायबल सांगितले. स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो.

हा ग्रंथ देशी लिपीत छापावा अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला संघप्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा यांना, म्हणजे कुंकळ्ळीला मारल्या गेलेल्या रोदोल्फोंच्या काकांना, तसे लिहिलेही. पण रोमन लिपीला चोवीस खिळे पुरत, देशी लिपीला सहाशे साचे ओतावे लागतील असा अंदाज होता. ते जमले नाही. शेवटी मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या. गावच्या भाषेचे त्यांनी रचलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. हिंदुस्थानी भाषेचे ते पहिले छापील व्याकरण समजतात.

मिस्सा तर लॅटिनमध्ये, आणि ती १९६० च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत तशीच राहिली. तेव्हा साष्टीतल्या शेतकऱ्याला, रेंदेराला, त्यांच्या बायकांना बायबलची कथा आपल्या भाषेत कानावर पडायची ती अशा ओव्यांतूनच. १६४९ आणि १६५४ मध्ये पुराण पुन्हा छापावे लागले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. तरीही हस्तलिखिते घरोघर उतरवली गेली. गोवा सोडून कानड्यात गेलेल्या कुटुंबांनी ती बरोबर नेली, आणि १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी त्यांवरून नवी आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात ती देवनागरीत आणली. अलीकडे २००९ मध्ये फादर नेल्सन फालकाव यांनी आजच्या मराठीतही ती दिली.

बंडेलूंची ती प्रत मी १९८६ च्या उन्हाळ्यात एका वाचनालयातून मिळविली आणि रविवारी दुपारी बलकांवात बसून बाईंना वाचून दाखवू लागलो. गोव्यात तेव्हा भाषेचे आंदोलन पेटले होते. कोकणी की मराठी, यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासे झाले होते. आमच्या बलकांवात मात्र गंमतच चाले. मी अंकुवारी ह्या शब्दावर अडखळलो, तर बाईंनी चटकन सांगितले की ती आंकवार, म्हणजे कुमारी, मरियाबाय. त्यांना संस्कृत वळणाचे शब्द अडत, ते मी सोडवून सांगे. वैकुंठ शब्द आला तेव्हा त्यांनी मला थांबविले आणि खरेच तसे लिहिले आहे का, हे पुस्तकात बोट घालून पाहिले. दोघांपैकी एकट्याला ते पुस्तक पुरते कळले नसते. ख्रिस्ताच्या क्रुसापाशी आलो तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर घेतला. माझ्या आजीने पोथी ऐकताना घेतला असता, अगदी तसाच.

माझी पुढची बदली आली तेव्हा निम्मे पुराणही झाले नव्हते.

बँकेत चौतीस वर्षे मी जमा आणि नावे ह्या दोन बाजू जुळवीत बसलो. निवृत्त झालो, कादंबऱ्या लिहिल्या, तरी ती सवय जात नाही. स्टीफन्स यांचे खाते मी पुष्कळदा मांडून पाहिले आहे. एका बाजूला पाडलेली देवळे, बंद केलेल्या पोथ्या, ज्या सत्तेच्या आश्रयाने ते राहिले ती सत्ता. दुसऱ्या बाजूला दहा-अकरा हजार ओव्या. हे खाते जुळत नाही, आणि ओव्या सुंदर आहेत म्हणून ते जुळते करणेही मला पटत नाही. हिरावलेल्या पुराणांच्या बदल्यात दिलेले पुराण हे बदल्यातलेच राहणार. पण मागणाऱ्याचे गाऱ्हाणे त्यांनी ऐकले, त्याच्याच छंदात उत्तर दिले, आणि त्यासाठी आपली उमेदीची वर्षे घातली, हेही त्याच पानावर लिहावे लागते.

काही वर्षांपूर्वी मडगावला गेलो होतो. बाई केव्हाच गेल्या. घर आहे, त्यात त्यांच्या भावाचा नातू राहतो. तो लिस्बनहून परत आला आहे. योगायोगाने रविवारच होता. त्याने मला बलकांवात बसविले, चहा दिला, आणि म्हणाला की आजी-आत्या सगळ्यांना सांगत असे की मागच्या खोलीतला बँकवाला तिला पुराण वाचून दाखवायचा. मग त्याने विचारले, कोणते पुराण? मी पिशवीतून नवी प्रत काढली आणि पहिल्या अवस्वरूपासून सुरुवात केली.