अहिल्याबाई आणि महेश्वरचे माग

आमचे घर मुरब्याच्या मच्छीमाराचे. कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच मी. आजोबा जाळी विणत. बाबा नायलॉनची तयार जाळी आणतात, फाटली की सांधतात. म्हणूनच इतिहास वाचताना अहिल्याबाई होळकर मला वेगळ्या दिसल्या.

१७२५ साली चौंडीला त्यांचा जन्म झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव गेले. तरीही बाईंनी राज्य सावरले आणि नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी नेली.

त्यांची देवळे, घाट सर्वांना ठाऊक आहेत. मला थोर वाटतात ते त्यांनी वसवलेले माग. सुरतेकडचे विणकर आणवून त्यांनी त्यांना आश्रय दिला, असे सांगतात. लुगडी राजघराण्याच्या पाहुण्यांना भेट जात. पुढे सुताबरोबर रेशीमही आले. ताणा रेशमी, बाणा सुती, म्हणून महेश्वरी हलकी. काठ दोन्ही बाजूंनी सारखा. त्यावर किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी आणि नर्मदेच्या लाटा उतरल्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी बाई गेल्या. महेश्वरचे माग आजही चालतात. बाबांच्या हातांकडे पाहताना वाटते, हातचे कसब आपोआप टिकत नाही. कुणाला तरी त्याला आसरा द्यावा लागतो.