चित्रगृहांचे धनी : जमशेटजी फ्रामजी मदन

सिनेमांतील नटनटींचीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत असतात. पहिले चित्रपट काढणाऱ्यांत दादासाहेब फाळके ह्यांचें नांवही बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु तयार झालेलें चित्र लोकांपुढें यावें कसें, त्यासाठीं घर, पडदा, यंत्र व रोजचा खेळ ह्यांची तजवीज कोणीं केली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्यांनीं ती केली त्यांतील अग्रगण्य गृहस्थ म्हणजे जमशेटजी फ्रामजी मदन हे होत. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

जमशेटजींचा जन्म मुंबईस, एका पारशी कुटुंबांत, १८५७ च्या सुमारास झाला. त्या काळीं मुंबईंत पारशी नाटक मंडळ्यांचा मोठा बोलबाला होता. जमशेटजी लहान वयांतच एल्फिन्स्टन नाटक मंडळींत शिरले, ते नट म्हणून नव्हे, तर रंगभूमीवर सामानसुमान मांडणारा पोऱ्या म्हणून. पुढें ते नटही झाले. पण त्यांचें खरें शिक्षण पडद्यामागेंच झालें असें आम्हांस वाटतें. कोणती वस्तु वेळेवर न आल्यास खेळ फसतो, हें अशा मुलास जितकें कळतें तितकें राजाच्या पोषाखांत मिरवणाऱ्यास कळत नाहीं.

तरुणपणीं ते कलकत्त्यास जाऊन व्यापारांत पडले. खाण्याचे जिन्नस, औषधें आणि मद्यही ते विकीत. चरित्र लिहावयाचें तर ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. व्यापारांत जम बसल्यावर त्यांनीं नाटक मंडळ्या व नाटकगृहें विकत घेतलीं, आणि १९०२ सालीं कलकत्त्याच्या मैदानावर तंबू ठोकून बायोस्कोपचे खेळ सुरू केले.

तंबूचा धंदा फिरता. पावसाचा भरंवसा नाहीं. एका गांवाची हौस फिटली कीं सामान लादून पुढचा गांव गांठावयाचा. १९०७ सालीं मदन ह्यांनीं कलकत्त्यांत एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हें कायमचें चित्रगृह उघडलें. बालपणींच्या नाटक मंडळीचेंच नांव त्यांनीं त्यास दिलें हें लक्षांत घेण्याजोगें आहे. आतां कायमचें घर झालें म्हणजे रोज खेळ द्यावा लागतो, आणि रोज खेळ द्यावयाचा तर चित्रें वरचेवर बदलावीं लागतात. म्हणून परदेशी फिल्म आणून पुरविण्याचें कामही त्यांनीं आपल्या हातीं घेतलें. एका घरीं दाखविलेली फिल्म दुसऱ्या घरीं, तेथून तिसऱ्या. घरें जितकीं अधिक तितका एकेका चित्राचा खर्च वांटला जाई. हा हिशेब त्यांस इतरांच्या आधीं उमगला, आणि त्यांच्या चित्रगृहांची सांखळी हिंदुस्थानभर व ब्रह्मदेशापर्यंत पसरली.

फाळके ह्यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ सालीं मुंबईंत झळकला. तीच कथा घेऊन मदन ह्यांनीं १९१७ सालीं कलकत्त्यांत चित्र काढलें. कलेच्या दृष्टीनें आम्ही फाळक्यांसच वरचें स्थान देतों. पण फाळक्यांस भांडवलासाठीं भागीदारांचें तोंड पहावें लागलें. मदन ह्यांच्या चित्रास घरें आधींच तयार होतीं. १९१९ सालीं मदन थिएटर्स ही कंपनी स्थापन झाली व त्याच वर्षीं तिचें बिल्वमंगल हें चित्र निघालें.

१९२३ सालीं जमशेटजी वारले. पुत्रांनीं, विशेषतः जे. जे. मदन ह्यांनीं, पसारा वाढवून चित्रगृहांची संख्या शंभरावर नेली. इतकीं घरें एका हातीं असणें सर्वांस रुचलें नाहीं. १९२७ सालीं सरकारनें नेमलेल्या सिनेमा चौकशी समितीपुढें मदन कंपनीच्या मक्तेदारीविषयीं तक्रारी आल्या. दाराची किल्ली एकाच्या कमरेला असली म्हणजे बाहेर तिष्ठणाऱ्यास राग यावयाचाच, आणि तो राग आम्हांस अगदींच अनाठायीं वाटत नाहीं.

पुढें १९३१ सालीं मुंबईच्या आलम आरानें चित्रपटास वाचा फुटली. मदन कंपनी मागें राहिली नाहीं. कांहीं आठवड्यांतच तिचा जमाई षष्ठी हा बंगाली बोलपट आला, आणि १९३२ च्या तिच्या इंद्रसभेंत तर सुमारें सत्तर गाणीं होतीं. परंतु मूकपटाच्या घरांत आवाजाचीं यंत्रें बसवावयाचीं, तीं एकाच नव्हे तर प्रत्येक घरांत! त्यांत जगभर मंदी आलेली. घरांची जी संख्या त्यांचें बळ होती तीच ओझें झाली, आणि थोड्या वर्षांत एकेक घर हातचें गेलें.

एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसचें नांव पुढें मिनर्व्हा व नंतर चॅप्लिन झालें. २०१३ सालीं ती इमारत पाडण्यांत आली. कलकत्त्यांतील एका रस्त्यास मात्र मदन स्ट्रीट हें नांव आहे.