तलपदेंचं विमान आणि वजनाचं गणित

हडपसरचं ग्लायडिंग सेंटर मांजरीकरांना माहीत आहेच. विंचने ओढून वर सोडलं की ग्लायडर इंजिनाशिवाय तरंगतं. खरी अडचण असते ती स्वतःच्या ताकदीवर वर जाण्याची. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मराठी माणसाला याच गोष्टीने झपाटलं होतं. त्यांचं नाव शिवकर बापूजी तलपदे.

जन्म १८६४ चा, चिराबाजारातला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पुढे कलाशिक्षक झाले. संस्कृतची गोडी होती. वेदांत विमानविद्या आहे, या विचाराने ते भारावले आणि विमान बनवायच्या मागे लागले.

तोवर पॅरिसजवळ बॅटरीवरचं उड्डाण होऊनही गेलं होतं. १८८४ मध्ये 'ला फ्रान्स' हे हवाई जहाज २३ मिनिटांत ८ किलोमीटर फिरून निघाल्या जागी परतलं. पण त्याला उचलून धरत होता फुग्यातला हायड्रोजन. एकट्या बॅटरीचं वजनच ४३५ किलो होतं!

तलपदेंचं काय झालं? १८९५ मध्ये त्यांचं 'मरुत्सखा' चौपाटीवरून माणसाशिवाय १,५०० फूट उडालं, सयाजीराव गायकवाड आणि न्या. रानडे यांनी ते पाहिलं, इंधन म्हणून पारा होता, असं सांगतात. गोष्ट भारी आहे, तिच्यावर सिनेमाही आला. पण त्या काळची विश्वासार्ह नोंद एकही नाही. या कथेसोबत ज्याचं नाव घेतात, त्या 'वैमानिक शास्त्रा'तली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळुरूच्या आयआयएससीतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं. तलपदे १९१६ मध्ये गेले.

राइट बंधूंचं १९०३ मध्ये जमलं, कारण त्यांच्याकडे हलकं पेट्रोल इंजिन होतं. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२,००० वॅट-तास ऊर्जा असते, चांगल्या लिथियम बॅटरीत २५० च्या आसपास. इलेक्ट्रिक मोटर ऊर्जा कमी वाया घालवते, तरी फरक मोठाच राहतो. शिवाय पेट्रोल जळतं तसं विमान हलकं होतं. बॅटरी मात्र उतरतानाही तेवढीच जड! म्हणूनच २०२० मध्ये युरोपात मान्यता मिळालेलं 'वेलिस इलेक्ट्रो' दोनच माणसं घेऊन जेमतेम ५० मिनिटं उडतं. पुणे-दिल्ली अजून लांब आहे.

तलपदेंची धडपड खोटी म्हणायचं कारण नाही. पण वजन किती, ताकद किती, किती वेळ उडालं, हे आकडे त्यांच्या विमानाचे आपल्याकडे नाहीत. उद्या कुणी इलेक्ट्रिक विमानाचा दावा केला, तर आधी हेच तीन आकडे मागा.