दुसरं लुगडं

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक ३



आजचा श्लोक दैवी संपत्तीच्या यादीतला. त्यात तेज आणि क्षमा अगदी शेजारी-शेजारी आलेत. ही जोडी मला नेहमी कोड्यात टाकायची. माणूस एक तर क्षमा करेल, नाहीतर ताठ उभा राहील, दोन्ही एकदम कसं जमायचं? याचं उत्तर मला मंडईजवळ सापडलं.

दगडूशेठच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. चप्पल कुठे काढायची, रांग किती आहे, याच गडबडीत असतो. त्या मंदिरासमोर भिडे वाडा होता. २०२३ च्या डिसेंबरात तो स्मारकासाठी पाडला. त्याच वाड्यात १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली.

आधीच सांगते, जोतिरावांनी धर्मग्रंथांवर कडक टीका केली आहे. सावित्रीबाईंना गीतेच्या चौकटीत बसवायचा माझा अजिबात विचार नाही. श्लोक मी वाचतेय, आयुष्य त्यांचं आहे.

सावित्रीबाई १८३१ सालच्या, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. नवव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आल्या. लिहाय-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, जोतिरावांकडे. पुढे अहमदनगरला फरार मॅडमकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. शाळा सुरू झाली तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या. म्हणजे आपल्याकडे बारावीत असतात त्या वयाच्या!

घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता हीच त्यांची रोजची परीक्षा. लोक शिव्या द्यायचे, शेण फेकायचे, दगड मारायचे. म्हणून त्या घरून निघताना अंगावर एक लुगडं आणि सोबत दुसरं नेत. शाळेत पोचल्या की मळलेलं बदलायचं, स्वच्छ नेसायचं आणि शिकवायला उभं राहायचं. परत जाताना पुन्हा तेच मळलेलं. त्यांच्या सोबतीला असणाऱ्या बळवंत सखाराम कोल्हे यांच्या आठवणींमुळे हे आपल्याला कळतं.

मी सारखी त्या छोट्या मुलींचा विचार करते. आज प्राथमिक शाळेत 'गुड बिहेवियर'साठी स्टार मिळतात, फळ्यावर सुविचार लिहितात. छानच आहे ते. पण त्या मुलींसमोर बाई रोज रस्त्यावरचा अपमान दाराबाहेर ठेवून यायच्या आणि त्याचा राग मुलींवर काढायच्या नाहीत. चांगलं वागणं म्हणजे काय, याचा याहून मोठा धडा पाठ्यपुस्तकात कुठे मिळणार? गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही हेच येतं ना, की मोठी माणसं जसं वागतात तसंच बाकीचे वागायला लागतात.

आता तेजाचं. एकदा एका दांडगटाने त्यांची वाट अडवली आणि शिकवणं बंद कर म्हणून धमकावलं. सावित्रीबाईंनी सरळ त्याच्या थोबाडीत दिली! तो पळाला. हा प्रसंगही कोल्ह्यांच्याच आठवणीतला, पण आपण तो मुलांना क्वचितच सांगतो. सोशिक बाई आपल्याला सांगायला सोपी वाटते. शेण सहन केलं ते शाळा बंद पडू नये म्हणून, आणि हात उचलला तोही शाळा बंद पडू नये म्हणूनच. हे कळलं तेव्हा श्लोकातली ती जोडी मला कळली.

१८४९ मध्ये समाजाच्या दबावामुळे दोघांना सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. उस्मान शेख यांनी आसरा दिला. शाळा वाढत गेल्या. त्यांतल्याच एका शाळेतली मुक्ता, मातंग समाजातली पोर. तिने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. निबंधात ती कुणापुढे हात जोडत नाही, थेट जाब विचारते. हे धाडस तिच्यात कुठून आलं असेल, सांगा बरं?

मंडईचीही एक गंमत आहे. जोतिराव नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा नव्या बाजाराच्या खर्चाला विरोध करणाऱ्यांत तेही होते. बाजार तरीही झाला, १८८६ मध्ये 'रे मार्केट' नावाने उघडला. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यालाच महात्मा फुल्यांचं नाव मिळालं.

१८९० मध्ये जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. सात वर्षांनी पुण्यात प्लेग आला. दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना उघडला होता, आणि सावित्रीबाई स्वतः रोगी तिथे आणत होत्या. मुंढव्याला गायकवाडांचा पांडुरंग नावाचा मुलगा आजारी पडल्याचं कळलं. साठी ओलांडलेल्या बाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. बाईंना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.